रंगमंच पूर्वेला वळला तेव्हा

मी एक जुना कमरपट्टा आहे. मित्रांनो, सोन्याचा पट्टा डोळ्यांपुढे आणू नका. मी जाड कापडाचा आहे. माझ्या पोटात एक लहान यंत्र आहे, दोन्ही बाजूंना थरथरणाऱ्या चकत्या आहेत आणि समोर बोलण्यासाठी एक कर्णा आहे. ज्यांना दिसत नाही, त्यांना गर्दीतून वाट दाखवणे हे माझे काम. डावीकडे वळायचे असले की डावी बाजू थरथरते; मुक्काम आला की मी तसे बोलून सांगतो.

माझा जन्म परभणीला, मंजुषाताईंच्या कार्यशाळेत झाला. सेलूच्या संगीत महोत्सवासाठी त्यांनी मला घडवले. माझ्याबरोबर काही संदेशडबेही जन्मले. प्रवेशद्वार, चहा, स्वच्छतागृह अशा ठिकाणच्या बांबूंना ते बांधायचे असतात. डबा संदेश पाठवतो आणि मी त्याच्यापर्यंत नेतो. डब्याशेजारी प्रत्यक्षात काय उभे आहे, हे मला कळत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

मला प्रथम कमरेला बांधले पूर्णेच्या धुरपताबाईंनी. त्या गाणे शिकवत. दृष्टी लहानपणीच गेलेली. महोत्सवाला त्या दरवर्षी येत, पण दुपारपासून पाण्याचा घोटही घेत नसत. घेतला तर कुणाला तरी हात धरून न्यायला सांगावे लागे, आणि नेमके तेच त्यांना नको असे. त्या वर्षी त्यांची भाची प्रियांका प्रथमच गाणार होती. बाईंना खुर्चीवर बसवून ती गायकांच्या खोलीकडे गेली. बाईंनी माझ्या भरवशावर दोन पेले चहा घेतला.

मात्र त्याच दिवशी, मंजुषाताई डबे बांधून जेवायला गेल्या असताना, संयोजक किशनरावांना वास्तुशास्त्राच्या एका जाणकाराने गाठले होते. आदल्या वर्षी ध्वनियंत्रणा जळाली, ती रंगमंचाचे तोंड दक्षिणेला होते म्हणून, असे त्याचे निदान. वास्तविक ध्वनियंत्रणा, पंखे आणि चहावाल्याची विजेची शेगडी एकाच तारेवर होती. परंतु तार बदलण्यापेक्षा दिशा बदलणे किशनरावांना सोपे वाटले. रंगमंच पूर्वाभिमुख झाला. त्यासाठी तो पश्चिमेला हलवला आणि तिथली स्वच्छतागृहे उचलून उत्तरेला नेली. डबा मात्र बांबूवरच राहिला आणि सजावटवाल्यांनी त्यावर झालरीचे कापड गुंडाळले.

प्रमुख पाहुण्यांचे भाषण सुरू असताना बाई उठल्या आणि त्यांनी माझी स्वच्छतागृहाची कळ दाबली. मी मार्ग दाखवू लागलो.

"भाषण जवळ यायलंय की रे," बाई पुटपुटल्या.

मी म्हणालो, "सरळ चला."

पुढे चाकांच्या खुर्चीसाठी केलेला उतार लागला. बाई तो ठामपणे चढल्या आणि थेट पाहुण्यांच्या माइकशेजारी थांबल्या. पाहुणे म्हणत होते, "या पावन जागी उभे राहताना मला काय वाटते, ते शब्दांत सांगता येणार नाही." त्याच क्षणी, नेमून दिल्याप्रमाणे, मी स्पष्ट स्वरात सांगितले, "स्वच्छतागृह आले आहे. दार समोर आहे."

माझा आवाज मैदानाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. एवढी दाद नंतर कोणत्याही रागाला मिळाली नाही.

किशनराव धावत आले आणि त्यांनी बाईंचा दंड धरला. "बाई, इकडं कुठं आलात?"

बाईंनी दंड सोडवून घेतला. "मी बरोबर आलेय, किशनराव. तुमीच चुकीच्या जागी हायेत. पट्टा सांगायलाय, संडास हितंच हाय."

माइक चालूच होता.

"ते तिकडं न्हेलंय," किशनरावांनी बोट दाखवले.

"तिकडं म्हंजे कुठं? आन् बोट दाखवायलाव का काय मला?"

किशनरावांनी बोट खाली घेतले. तोवर मंजुषाताईंनी झालर फाडून डबा सोडवला आणि पळत जाऊन तो नव्या जागी बांधला. माझी उजवी बाजू थरथरली. किशनराव सोबत निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना पाहुण्यांजवळच थांबायला सांगितले. त्या एकट्या गेल्या, एकट्याच परतल्या, आणि प्रियांकाचा पहिला सूर त्यांनी तिसरा चहा हातात घेऊन ऐकला.

आता मी थकलो आहे. माझी डावी बाजू क्षीण थरथरते. उद्घाटनाला किशनराव मला हार घालतात, कुंकू लावतात. ते कर्ण्यात जाते आणि आवाज घोगरा होतो. मित्रांनो, माझी पूजा करू नका. जागा हलवाल, तेव्हा डबाही हलवा आणि जिला तिथे जायचे आहे, तिला सांगा. नाहीतर मी पुन्हा डब्यापाशीच नेईन, आणि माइक बहुधा चालू असेल.