पिल्लांवरची मरळ

शालिकरामने मासा सोडून दिला आणि हातातली पक्कड पँटला पुसत तो सरळ उभा राहिला, तेव्हा देवमनने त्याच्या कानाखाली वाजवली. आषाढातला रविवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. बोरखेडीच्या तलावाच्या पाळीवर गळ टाकून बसलेल्या दोघा-तिघांनी ते पाहिलं. अकोटच्या या गळवाल्यांमध्ये त्या दिवशी जे बिनसलं ते बिनसलंच.

एका माशापायी मित्रावर हात उचलावा असं त्यात काय होतं, हे सांगायला पाहिजे. देवमन एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन्ही वर्षं तो एका मरळीच्या मागे होता. तलावाच्या उत्तरेला, जिथे बेशरमीची झुडपं पाण्यात उतरली आहेत, त्या कोपऱ्यात ती राहायची. काळी ठिपक्यांची पाठ, सापासारखं डोकं, मूठ जाईल एवढं तोंड. तीन वेळा तिने त्याचा रबरी बेंडूक, म्हणजे गळ लावलेला खोटा बेडूक, गिळला होता. एकदा गळ सरळ केला, दोनदा मुळ्यांत शिरून नायलॉनचा तंगूस तोडला. ती श्वास घ्यायला वर कधी येते, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला तोंड करून असते, हे देवमनला पाठ झालं होतं. घरी तो तिच्याबद्दल इतकं बोलायचा की बायको मनकर्णा एकदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "थ्या मरळीलेच आण घरी. मी जातो माहेरी."

शालिकराम मोटारपंपांचं वायंडिंग करायचा. बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान. चौदा वर्षांपूर्वी त्यानेच देवमनला तलावावर नेलं होतं. भाजलेलं बेसन आणि सरकीची ढेप एकत्र मळून चारा कसा करायचा, सावली पाण्यावर पडू न देता कसं बसायचं, मासा ओढायला लागला की आपण ओढायचं नाही, हे सगळं त्याचंच शिकवणं. दोघं रविवारी एका गाडीवर जायचे, एका डब्यातली भाकर खायचे. एकाच्या गळाला मोठा मासा लागला की दुसऱ्याने जाळी धरायची, हे न बोलता ठरलेलं.

त्या सकाळी मरळ चौथ्यांदा लागली. दहा मिनिटं झुंज चालली, पण या खेपेला त्याने तिला मुळ्यांकडे जाऊ दिलं नाही. दमून ती कुशीवर आली. शालिकराम जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला, वाकला, आणि तसाच थांबला. मग त्याने जाळी बाजूला ठेवली, खिशातून पक्कड काढली, आणि मरळीच्या जबड्यातला गळ पिळून काढला. ती क्षणभर तिथेच तरंगली. मग शेपटीचा एक फटका, आणि पाणी रिकामं.

"खाली पिल्लं होती," शालिकराम म्हणाला. "लालेलाल. पाह्य तं, अजून दिसते."

देवमनने पाहिलं नाही. त्याने थापड मारली.

"तुले दोन वर्षांत एक मरळ लागली नाई," तो म्हणाला, "म्हणून माही सोडली. पिल्लं म्हणे."

शालिकरामने पक्कड खिशात ठेवली. जाळी धुतली, घडी केली, देवमनच्या पिशवीवर ठेवली आणि बोरखेडीच्या फाट्याकडे पायी निघून गेला.

मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा नितेश हे सगळं चित्रित करत होता. त्याला मासा घ्यायचा होता, मिळाली थापड. संध्याकाळी तो तुकडा त्याने 'गळ आणि गप्पा' या त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कुणी हसण्याची चित्रं टाकली, कुणी शालिकरामला जळकुकडा म्हटलं, कुणी देवमनला गुंड. ग्रुप देवमनचाच. त्याने शालिकरामला काढून टाकलं. आरोग्य उपकेंद्रातल्या संध्या सिस्टर या ग्रुपमधल्या एकट्या बाई, आणि लांब गळ फेकण्यात सगळ्यांच्या वरचढ. त्यांनी फोन केला.

"देवमनभाऊ, पिल्लं होती का नाई, हे तुमी पाह्यलं काय?"

"मले पाह्याची गरज नाई."

"मंग तुमी त्याले खोटं कसं ठरवलं?"

"सिस्टर, तुमी सुया टोचा," देवमन म्हणाला, आणि फोन ठेवला.

शालिकराम पुन्हा येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तो दुसऱ्या दिवसापासून रोजच येऊ लागला. उजाडायच्या बेताला यायचा, बेशरमीच्या कोपऱ्यासमोर छत्री रोवून बसायचा आणि दुकानाची वेळ झाली की उठायचा. रविवारी तर दिवसभर. त्याच्या हातात काठी असायची, दोरा पाण्यात असायचा, पण तो कधी ओढताना दिसत नसे. देवमनने एका रविवारी मागून जाऊन पाहिलं. दोऱ्याला गळच नव्हता.

"सरक तथून. मले टाकाचा हाय."

"दुसरीकडं टाक."

"तलाव तुया बापाचा हाय काय?"

"नाई," शालिकराम म्हणाला. "तुयाई नाई."

देवमनने त्याच्या छत्रीच्या वरून बेंडूक फेकला. शालिकरामने शांतपणे काठीने दोरा अडवला आणि बाजूला लोटला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा देवमनने एक मोठं ढेकूळ उचललं आणि शालिकरामच्या पुढ्यात पाण्यात मारलं. शालिकरामचा सदरा भिजला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. देवमनला शिवीगाळ हवी होती, निदान एक शिवी तरी. ती मिळाली नाही म्हणून तो दिवसभर धुमसत राहिला, आणि त्याचा गळ कुठेच लागला नाही.

त्याच रविवारी नितेशने शालिकरामच्या गाडीची दोन्ही चाकं रिकामी केली. देवमन दहा पावलांवर उभा होता. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. शालिकराम चार किलोमीटर गाडी ढकलत नेत असताना हे दोघं त्याच्या बाजूने गेले, आणि नितेशने हॉर्न वाजवला. देवमनला आधी हसू आलं. घरी पोहोचेपर्यंत ते गेलं होतं, पण ते का गेलं हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी त्याने डाव साधला. मंगळवारी दुकानात गर्दी असते, शालिकराम दहाला उठणार हे ठरलेलं. देवमन साडेदहाला पोहोचला. तलावावर चिटपाखरू नव्हतं. त्याने झुडपांच्या अलीकडे बेंडूक फेकला, आणि तो पाण्यावर नीट टेकायच्या आत मरळ त्यावर तुटून पडली.

दोन वर्षं ज्या मरळीने त्याला खेळवलं, जी सावली दिसली तरी खाली जायची, ती आज पहिल्याच फेकीला आली. भूक लागल्यासारखी नाही, घरात शिरलेल्या माणसावर धावून जावं तशी. देवमनच्या हे ध्यानात आलं नाही. सात-आठ मिनिटांत त्याने तिला काठावर घेतलं. या खेपेला जाळी धरायला कुणी नव्हतं म्हणून सरळ चिखलात ओढलं आणि दगडाने डोकं ठेचलं. काट्यावर साडेतीन किलो भरली. एका हाताने मासा उंच धरून दुसऱ्या हाताने फोटो काढला, आणि तिथल्या तिथे ग्रुपवर पाठवला.

मग तो हात धुवायला वाकला.

आधी वाटलं, कुणी पाण्यावर तिखट सांडलंय. चादरीएवढा लाल डाग होता, आणि तो हलत होता. सुईएवढी शेकडो पिल्लं एकमेकांत गुंतलेली, सगळी एकदम वर येऊन श्वास घेत होती, आणि पाण्यावर झिमझिम पाऊस पडावा तसा बारीक आवाज होत होता. जिथून मरळ चिखलात ओढली होती तिथपर्यंत तो डाग आला, थांबला, वळला, परत आला. पुन्हा वळला.

खिशात फोन थरथरत होता. "काका, राजा माणूस." "जबरदस्त." "शालिकरामले दाखवा आता."

पहिली चिलापी मासोळी डागाच्या कडेला आली. तिने एक घास घेतला आणि गेली. मग चार आल्या, मग मोजता येईनात. पाणी उकळायला लागलं. पिल्लं पांगली नाहीत. ती आणखी जवळ आली, घट्ट गोळा झाली, आजवर त्यांना कुणीतरी जवळ ठेवलं होतं तशी. त्यामुळे चिलापींचं काम सोपं झालं. देवमनने ढेकळं मारली. मग बुटांसकट पाण्यात उतरला आणि ज्वारीवरचे पोपट हाकलावे तसे हात आपटू लागला. चिलापी हातभर मागे जायच्या, त्याचा हात थांबला की परत यायच्या. वरच्या विजेच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला होता, तोही दोनदा उतरला. अर्ध्या तासात चादरीची परात झाली, परातीची वाटी. मग पाणी नुसतं गढूळ होतं.

देवमन काठावर बसला. त्याच्या पायाशी मरळ होती, तिचं तोंड उघडं होतं आणि त्यात मुंग्या शिरायला लागल्या होत्या.

घरी नेल्यावर मनकर्णाने ती साफ केली, फोडणी घातली. एवढ्या दिवसांचा मासा आला म्हणून ती खुशीत होती. मारलेली मरळ टाकून देणं त्याहून वाईट, असं मनाशी म्हणून तो जेवायला बसला. रस्सा फार चांगला झाला होता. त्याने दोन तुकडे खाल्ले, आणि चांगला लागतोय याचाच त्याला राग आला.

"काय झालं?" मनकर्णाने विचारलं.

"काई नाई."

"दोन वर्षं डोकं खाल्लं माहं. आता काई नाई?"

रविवारी नितेश झेंडूचा हार घेऊन आला होता. पाळीवर सात-आठ जण जमले, देवमनच्या गळ्यात हार पडला, फोटो झाले. संध्या सिस्टर फोटोत उभ्या राहिल्या नाहीत. त्या बेशरमीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पाणी पाहून आल्या.

"पिल्लं कुठी हाय, भाऊ?"

"कोनती पिल्लं?" देवमन म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं.

शालिकराम त्याच्या जागी होता. त्याने ग्रुपवरचा फोटो पाहिला नव्हता, त्याला कुणी दाखवलाही नव्हता. चार दिवस पिल्लं दिसली नव्हती, ती मरळीमागे आत झुडपांत गेली असतील असं त्याने धरलं होतं. आता हार त्याला दिसला. तो उठला, काठावर आला, बराच वेळ पाण्यात बघत राहिला. मग त्याने छत्री उपटली, तिचा चिखल पुसला आणि मिटली.

"काय शालिककाका," नितेश ओरडला, "राखण संपली का?"

"गप बस," देवमन म्हणाला.

"मी तं गंमत करून राह्यलो, काका."

"गप बस म्हटलं ना." त्याने हार काढून हातात घेतला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. "पिल्लं होती. मी पाह्यली. माह्या डोयापुढं चिलापीनं खाल्ली सारी."

मग नितेश खांदे उडवून म्हणाला, "मंग काय झालं? मासाच तं हाय."

देवमन शालिकरामकडे गेला. शालिकराम गाडीला पिशवी बांधत होता, पाठ इकडेच.

"शालिक, मी तुयावर हात उचलला. चुकलं माहं."

"थापडीचं सोड," शालिकराम न वळता म्हणाला. "थे दोन दिवसांत गेलं. तुनं मले खोटा म्हणलं, चार लोकांत. चौदा वर्षांत मी तुले कदी एखांद्या माशाचं वजन पावभर तरी वाढवून सांगतलं काय?"

"नाई."

"मंग?"

शालिकरामने पिशवीची दोरी ताणून पाहिली, गाडीला किक मारली आणि गेला. त्याने मान हलवली असती तरी देवमनला पुरलं असतं. त्याने तेवढंही केलं नाही.

त्या दिवशी देवमनने ग्रुपवर दोन गोष्टी लिहिल्या. एक, पिल्लं होती आणि शालिकराम खरा होता. दोन, जेठ-आषाढ-श्रावणात कुणीही मरळीला बेंडूक टाकायचा नाही, आणि लाल डाग दिसला तर तिथून उठायचं. नितेशने विचारलं, काकांनी स्वतः खाऊन झाल्यावर नियम काढला का. ते खरंच होतं. रात्रीपर्यंत अकरा जण बाहेर पडले. नितेशने नवा ग्रुप काढला, आणि त्यावर देवमनला काय काय नावं ठेवली गेली ते त्याच्यापर्यंत बरोबर पोहोचलं. उरले पाच. देवमनने शालिकरामला परत घेतलं. शालिकराम काही लिहीत नव्हता, पण बाहेरही पडला नाही.

सगळा श्रावण देवमन पाळीवर एकटा बसला. रोहूसाठी चारा टाकायचा. नितेशची माणसं समोरच्या काठावरून मुद्दाम बेंडूक फेकायची आणि मासा लागला की याच्याकडे बघून हाळी द्यायची. संध्या सिस्टर सुट्टी असली की यायच्या, लांब बसायच्या, जाताना "येतो भाऊ" एवढंच म्हणायच्या. शालिकराम त्या महिन्यात आलाच नाही.

भादव्यातल्या एका सकाळी तो आला. गाडी लावली, पाळीवरून चालत देवमनच्या मागे येऊन थांबला. देवमनने वळून पाहिलं नाही, पाहिलं तर तो निघून जाईल असं त्याला वाटलं. शालिकरामने पिशवी खाली ठेवली, चारा मळला, गळ लावला आणि फेकला. दुपारपर्यंत दोघं दोन हातांच्या अंतरावर बसले. शालिकरामने दोन रोहू काढले, देवमनने एकही नाही. दोघांनी आपापला डबा आपापला खाल्ला.

घरी मनकर्णाने विचारलं, "शालिकभाऊ आले होते म्हणे. बोलले काय?"

"बोलला."

"काय म्हणे?"

"सरक म्हणे. माह्या दोऱ्यात येऊन राह्यला तू."

मनकर्णा त्याच्याकडे बघत राहिली. "मंग?"

"मंग काय," देवमन ओले बूट काढत म्हणाला. "सरकलो."