न पाहता दिलेली पुडी

बाळंतपणाला सव्वा महिना होत आला, तरी पंचफुला ताटावरून अर्ध्या पोटानं उठायची. प्रयागबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सुनेला भूक नव्हती असं नाही. पोटात घातलं की बाहेर काढावं लागतं, आणि त्या घटकेची तिनं धास्ती घेतली होती. संडासातून यायची ती भिंत धरून, ओठ दाताखाली दाबून. इकडे दूध पुरेना म्हणून तान्ही पोर दिवसभर किरकिरायची.

खडसावून विचारलं तेव्हा सून बोलली. रक्त पडतं, काच फिरवल्यासारखं चिरत जातं. आणि त्यावर पंधरा दिवसांपासून औषधही चालू आहे.

औषध कुणाचं? तर गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला जाणारा त्यांचा मुलगा चंद्रभान वाटेवरच्या एका पाटीवाल्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता. मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, गॅरंटी से, अशी ती पाटी. बायकोचं दुखणं तिचं म्हणून सांगायची लाज वाटली, म्हणून पठ्ठ्यानं ते स्वतःचं म्हणून सांगितलं. त्या शहाण्या डॉक्टरनंही कुणाला तपासायला झोपवलं नाही की पाहिलं नाही. खुर्चीवरूनच मूळव्याध ठरवली, काळ्या पुड्या बांधून दिल्या, आणि एवढ्यानं थांबलं नाही तर जाळून टाकू म्हणाला. येत्या सोमवारी पंचफुलाला नेऊन ते जाळून घ्यायचं, असं नवराबायकोचं ठरूनही गेलं होतं.

प्रयागबाईंचं टाळकं सणकलं.

"बाळंत तू झाला होता काय गा, चंद्रभान? रगत तिचं अन् पुडी तुह्या नावाची?"

बाईमाणसाचं असलं काही चार लोकांत कसं सांगायचं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मंग जाळाले कोनाले नेनार होता? तुले का तिले?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सुनेला रिक्षात घातलं आणि सदर भागातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. पडद्यामागं पंचफुला लुगडं सोडायला तयार होईना.

"झोप मुकाट्यानं वं," प्रयागबाई म्हणाल्या. "पाच बायांसमोर पोर काढली, तवा कोठी गेली होती हे लाज?"

डॉक्टरीणबाईंनी तिला डाव्या कुशीवर घेतलं, दिवा धरला आणि हलक्या हातानं पाहिलं. मूळव्याध नव्हतीच. शौचाच्या घट्ट खड्यानं तिथली कातडी फाटली होती, बोटाच्या पेराएवढीही नाही अशी चीर. ती जाळली असती तर जखमेवर जखम झाली असती. दिवसातून दोनतीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मलम लावायचं, शौच मऊ ठेवायचं. महिना-दीड महिन्यात बहुतेक भरून येतं. नाही आलं किंवा रक्त थांबलं नाही, तर पुन्हा दाखवायचं.

प्रयागबाईंचे हात आता ती पाटी उपटून काढायला शिवशिवत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिते ही दिवसाचं?"

पंचफुलानं सासूकडे पाहिलं.

सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, हे प्रयागबाईंनीच मग ताठ मानेनं सांगितलं. बाळंतिणीला जास्त पाणी दिलं की पोट सुटतं, पोराला सर्दी होते. पालेभाजी तर दाराबाहेरच. डिंकाचे लाडू, सुकं खोबरं, कोरडी भाकर. सहा बाळंतपणं त्यांनी अशीच काढली होती.

"आणि तुम्हाला कधी हा त्रास झाला नाही?"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पदराचा बोळा दातात धरून वावराच्या कडेला बसणारी विशीतली प्रयाग त्यांना आठवली. बाळंतपणात असं होतच असतं, वाच्यता करू नको, असं तिच्या सासूनं तिला बजावलं होतं. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली होती. आता भांडायचं तरी कुणाशी?

"झाला," त्या म्हणाल्या. "कोनं इचारलंच नाई कधी."

त्या दुपारी पंचफुला जेवत होती. वरण-भात, मेथीची भाजी, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. घरात बाळंतीण सून असलेल्या शेजारच्या इंदूबाई डोकावल्या आणि बाळंतिणीला एवढं पाणी पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"तुह्या सुनेलेही पाज वं, इंदू," प्रयागबाई म्हणाल्या. "अन् संडासातून रडत येते काय, ते तिले इचार. तुह्या पोराले नको इचारू."