अर्ध्या चढावरचं हॉटेल

प्रभुदास सरांनी तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर हॉटेल काढलं ते भर चढावर. आता बोला!

जागा त्यांनी नकाशा पुढ्यात घेऊन, पट्टी लावून ठरवली होती. पारनेरकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या बरोब्बर मध्यावर, खालच्या वाडीपासून जेवढी लांब तेवढीच वरच्या वस्तीपासून. कडुलिंबाची सावली, लांबून दिसणारी 'हॉटेल कृपा' अशी पाटी, आणि त्यांच्या पत्नीच्या, एलिझाबेथबाईंच्या हातची मटकीची मिसळ. उणं काही नव्हतं, फक्त गिऱ्हाईक.

तसा रस्ता वाहता होता. बाजाराच्या दिवशी कांद्याचे टेम्पो रांगेनं वर चढायचे. ड्रायव्हर बहुतेक सरांचेच विद्यार्थी. हॉटेलासमोर आले की हॉर्न वाजवायचे, कपाळाला हात लावायचे आणि तसेच पुढे जायचे. सरांची छाती फुगायची. "बघ, पोरं अजून मान देतात."

"मानाची मिसळ होते का?" बाई करवादायच्या.

पण आतून त्या खचल्या होत्या. सरांनी तीनदा मसाला बदलायला लावला, तेव्हा तर त्यांना रडूच कोसळलं. आपल्या हाताची चव गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. मुलगा नॅथन शहरात, सावेडीला फ्लॅटमध्ये राहायचा. नाताळपर्यंत हॉटेल चाललं नाही तर गाशा गुंडाळून दोघांनी त्याच्याकडे जायचं, असं ठरलं होतं. नॅथन गुणाचा, सूनही गुणाची. पण तिसऱ्या मजल्यावर दिवसभर टीव्हीपुढे बसायच्या कल्पनेनंच बाईंचा जीव गुदमरायचा. जन्मभर घरच्यांसाठी रांधलं, आता चार परक्यांनी खाऊन 'वा' म्हणावं, एवढीच त्यांची हौस होती.

नोव्हेंबरात एका बाजाराला बाई मटकी आणायला निघाल्या. हॉटेलासमोर हात केला तर एकही टेम्पो थांबेना. शेवटी तणतणत खालच्या वाडीपर्यंत चालत गेल्या आणि वाल्मिकच्या टेम्पोत बसल्या. हा वाल्मिक भूगोलात दोनदा नापास झालेला. टेम्पो घुरघुरत हॉटेलासमोर आला, वाल्मिकनं हॉर्न दिला, सरांनी ऐटीत हात हलवला. बाईंना राहवेना.

"खरं सांग, माझी मिसळ एवढी वाईट आहे का रे?"

"न्हाई वो बाई! नुसत्या वासानं तोंडाला पानी सुटतं. पन भरली गाडी हितं थांबली तर परत उचलत न्हाई, मागंच जाती. आन मोकळं येताना उताराला लागल्यावर कोन ब्रेक मारतंय? आमी समदे वर माथ्यावर थांबतो, इंजिन गार करायला."

माथ्यावर खरंच सात-आठ टेम्पो उभे होते. ड्रायव्हर बाटलीतल्या पाण्याबरोबर कोरडी बिस्किटं चावत बसले होते.

"मग सरांना कुणी सांगितलं का नाही?"

"सरांना? भूगोल?" वाल्मिकनं नकळत कान चोळला. "आमी?"

बाई एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. हाताची चव शाबूत होती!

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा सरांनी नकाशा पुढ्यात ओढला. "चढ," ते पुटपुटले. "फळ्यावर हजारदा काढला असेल मी." मग उठले आणि स्वतःच पाटी उतरवायला लागले.

माथ्यावर, वरच्या वस्तीतल्या पुंजारामची पडीक जागा भाड्यानं मिळाली. रविवारी उपासना आटोपल्यावर वाल्मिक आणि चार ड्रायव्हरांनी पत्रे, बाकडी, शेगड्या टेम्पोत टाकून वर नेल्या. पुढच्या बाजाराला दहाच्या आत मिसळ संपली. वाल्मिकनं तिसऱ्यांदा रस्सा मागितला, तेव्हा सर स्वतः वाढायला आले. "जा," ते म्हणाले, "पास केलं तुला."

नाताळाच्या आदल्या दिवशी नॅथनचा फोन आला. "मम्मी, सामान न्यायला टेम्पो कधी आणू?"

मोबाईल खांद्यानं कानाला दाबून बाई भजी तळत होत्या.

"परवा आण. पण रिकामा आणू नकोस बाबा, खुर्च्या भरून आण. इथं माणसं उभ्यानं खातायत. आणि ऐक, जुन्या जागी थांबू नकोस, गाडी उचलायची नाही. सरळ वर ये."