राहून गेलेले दार

मी एक जुना ट्रेलर आहे, मोटरसायकलच्या मागे जोडायचा. दोन चाके, एक पेटी आणि पुढे लांब दांडा, एवढाच माझा पसारा. माझ्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस, एक छोटे दार आहे. मित्रांनो, ते दार कसे आले तेवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लोखंडी खाटेतून झाला. मालकाच्या लग्नातली खाट मोडली, तेव्हा त्याने ती कापून माझी चौकट केली, भंगारातल्या स्कूटरची चाके लावली आणि वर प्लायवूडची पेटी बसवली. मालकीण म्हणाली, "चला, खाटेला चाकं आली. आता झोपल्या झोपल्या गावभर फिरा."

घराच्या मागच्या खोलीत ती दोघे फिनेल आणि पातळ साबण बनवत. वीस-वीस लिटरचे कॅन, झाडू, कागदाचे रोल असा माल मी शाळांत आणि दवाखान्यांत पोचवत असे.

मालकाला मला सुधारण्याचा भारी नाद होता. रविवार आला की हातात पाना. एका रविवारी स्प्रिंगा आल्या. मग पत्र्याचे पक्के छप्पर आले आणि मागे खाली उघडणारी फळी आली. शेजारचे मास्तर मला पाहून म्हणाले की, हा तर दुकानातून आणल्यासारखा दिसतो. मालकाची छाती फुगली. खोटे कशाला बोलू, माझीही फुगली.

पण सुरुवातीला मी रस्त्यावर सरळ चालत नव्हतो. वेग वाढला की माझे ढुंगण डावीकडे-उजवीकडे हलायचे. एका दुपारी मालक बाहेर गेला असताना मालकिणीने दोन भरलेले कॅन माझ्यात ठेवले. ते कधी पुढे सरकवायची, कधी मागे, आणि दर वेळी दांडा उचलून हाताला वजन किती लागते ते बघायची. मनासारखे झाल्यावर तिने नखांना लावायच्या लाल रंगाने माझ्या तळावर, चाकांच्या जरा पुढे, आडवी रेघ ओढली. जड माल रेघेच्या पुढे, हलका मागे. वर रबरी चटई अंथरली. त्या दिवसापासून मी सुतासारखा सरळ चालू लागलो. मालकाला वाटले, स्प्रिंगांची कमाल.

माल भरायचे काम तिचे. सगळ्यात आधी दवाखान्यात उतरवायचे कॅन ती सगळ्यात आत ठेवायची, आणि मालक रोज कुरकुर करायचा. जे आधी काढायचे ते आत घालतेस, तुझे सगळेच उलटे, असे म्हणायचा. तिने एक-दोनदा कारण सांगून पाहिले. मग सांगणे सोडले.

"अहो, तुम्ही चालवा. भरायचं माझ्याकडे राहू द्या."

छप्पर आल्यापासून मात्र तिला मागून माझ्या पोटात रांगत जावे लागे आणि कॅन पुढे ढकलावे लागत. एकदा कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "एवढ्या सुधारणा करता, तर पुढच्या बाजूला एक छोटं दार करा ना. कॅन बाहेरूनच आत ठेवीन."

"पुढच्या रविवारी," मालक म्हणाला.

पुढच्या रविवारी मला लाल दिवे लागले. त्याच्या पुढच्या रविवारी चमकणाऱ्या पट्ट्या.

मग ती आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली.

तिच्या आजारपणात मी घरीच उभा होतो. ती गेल्यावर काही दिवसांनी मालकाने पहिल्यांदाच मला स्वतः भरले. काढायला सोपे म्हणून सगळे कॅन मागच्या फळीजवळ ठेवले. मी पुन्हा हलू लागलो. मला कारण ठाऊक होते, पण मला कुठे तोंड आहे? त्याने स्प्रिंगा बदलल्या, टायर बदलले, दांडा नवा केला. मी हलतच राहिलो. एका सकाळी शाळेच्या वळणावर मी त्याला घेऊनच आडवा झालो. कॅन फुटले आणि रस्ताभर फेस झाला. मुलांना गंमत वाटली, ती टाळ्या वाजवू लागली. मालक सोललेले कोपर धरून फेसात बसून राहिला. तो कोणालाही रागावला नाही.

सासरी असलेली मुलगी धावत आली. म्हणाली, "बाबा, आई गेली. आता तुम्हालाही काही झालं तर मी कोणाकडे बघू? भंगारात द्या तो."

मालकाने मान हलवली. रविवारी भंगारवाला येणार असे ठरले.

शनिवारी दिवे आणि स्प्रिंगा काढून घ्यायला मालकाने मला ओळखीच्या वेल्डरकडे नेले. बोल्ट सोडवण्यासाठी वेल्डरने रबरी चटई उचलली.

"ही रेघ कसली?"

मालक वाकून बघत राहिला. म्हणाला, "हिच्या नखांचा रंग आहे."

वेल्डरने रेघेपासून चाकापर्यंत वीत लावली. मग हातातला पाना खाली ठेवला. "गाडीत काही दोष नाही," तो म्हणाला. "आधी माल कोण भरायचं?"

मालक माझ्या फळीवर बसला आणि आत वाकून त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "मी तिला रोज म्हणायचो, उलटं भरतेस."

भंगारवाला आला आणि रिकामा परत गेला. त्या रविवारी मालकाने माझ्या डाव्या अंगाचे प्लायवूड कापले, कॅन नेमका आत जाईल एवढा. बिजागऱ्या बसवल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या. माझ्यातली ही शेवटची सुधारणा. दार चांगले झाले आहे, पण कौतुक करायला मास्तरांना त्याने बोलावले नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना वेळेवर तेल द्या, हवा भरा, पावसात उभे करू नका. आणि एखादी गोष्ट सरळ चालत असेल, तर ती कोणामुळे चालते हे तो माणूस असतानाच ओळखा. कोणी दार मागितले तर पुढच्या रविवारवर टाकू नका.

आता जड माल रेघेच्या पुढे असतो आणि मी सरळ चालतो. त्या दाराची कडी मालकाने बरीच खाली लावली आहे, मालकिणीचा हात पोचायचा तिथे. तो उंच आहे. रोज सकाळी ती उघडायला त्याला वाकावे लागते.