नमद्याचा तुकडा

ताईने बटण दाबलं नाही.

पाचशे हर्ट्झचा सूर मी तीस डेसिबलवर दिला, मग पस्तीसवर. तपासणीच्या आवाजबंद बूथमध्ये, काचेपलीकडे ती डोळे मिटून बसली होती, अंगठा बटणावर तयार. चाळीसला अंगठा हलला. गेल्या आठवड्यातही चाळीसलाच हलला होता.

क्रेन चालवणाऱ्याला पंचवीसचा सूर ऐकू यावाच लागतो. ताई सोळा वर्षं तीन मजले उंचीवरच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे पत्रे उचलते. आजची ही दुसरी आणि शेवटची तपासणी होती. एक वाजता डॉक्टरबाई सह्या केलेले कागद घेऊन कारखान्यात जाणार होत्या, आणि कागदावर चाळीस असले तर ताई उद्यापासून खाली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बहीण आहे म्हणून हात सैल सोडू नकोस," बाई सकाळीच म्हणाल्या होत्या. दवाखान्यात कानाची तपासणी करणारी मी एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे सोपवायची सोय नव्हती.

मी आलेखाकडे बघत राहिले. कारखान्याच्या गोंगाटाने कान आधी वरच्या सुरांना जातो, चार हजारच्या आसपास. ताईचा आलेख तिथे थोडा वाकला होता, ते अपेक्षितच होतं. पण खरी पडझड डावीकडे होती, खालच्या सुरांत. गोंगाटाने कान असा जात नाही.

मी बूथचं दार उघडलं, तिला उठवलं आणि तिच्या जागी बसले. "बाहेरून दार लाव," म्हटलं आणि हेडफोन चढवले.

घूं, असा एकसारखा खालचा आवाज होता. मध्येच टिकटिक. सूर देणारा छोटा संगणक, जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा, बूथच्या आतच फळीवर असतो. जुन्या यंत्राच्या तारा तिथेच निघतात म्हणून. त्याचा पंखा जीव खाऊन फिरत होता. वरचे सूर हेडफोनच्या गाद्या अडवतात, खालचे आत शिरतात आणि तपासणीचा सूर झाकून टाकतात.

मी बाहेर आले. "ताई, हा आवाज मघापासून आहे?"

"आहे की. गेल्या वेळीही होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, सूर आला की बटण दाब, बाकी तोंड उघडू नकोस. मला वाटलं तोही परीक्षेचाच भाग."

हे वाक्य मी अकरा वर्षं प्रत्येकाला ऐकवते.

मी संगणकाला हात लावला. चटका बसला. मग तो ज्यावर ठेवला होता त्याकडे लक्ष गेलं. जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तुकडा. फळीवर संगणक बारीक थरथरायचा, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच कापून खाली घातला होता. हवा आत घ्यायची भोकं संगणकाच्या तळाला असतात, आणि मी त्यांना गादी दिली होती.

रोज सकाळी मी बूथमध्ये बसून शांतता तपासते. नियमच आहे. पण तेव्हा संगणक नुकताच चालू केलेला असतो, थंड.

"पंखाच बंद कर की," ताई म्हणाली.

"दहा मिनिटांत तापून तपासणीच्या मध्येच बंद पडेल."

संगणक बंद करून मी टेबलावर उलटा ठेवला, रबरी पायांखालचे चार स्क्रू काढले. झाकण निघालं. पंख्याच्या मागे धूळ आणि नमद्याचे तंतू मिळून राखाडी चकती झाली होती. एक बारीक तार सैल सुटून पात्याला घासत होती, ती टिकटिक.

"झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू," ताई म्हणाली. "आणि इथे बघ."

"हे पातं बोटाने धर. फिरू देऊ नकोस."

क्रेनचा दांडा मिलिमीटरने हलवणाऱ्या बोटाने तिने पातं धरलं. मी ब्रशने चकती सोडवली, तार बाजूला दाबून चिकटपट्टी लावली. दोन खोडरबर अर्धे कापून चार कोपऱ्यांखाली ठेवले, म्हणजे थरथर फळीला लागणार नाही आणि हवाही मिळेल. नमदा बाजूला टाकला. संगणक चालू केला तेव्हा बारा पस्तीस.

बूथमध्ये शांत होतं.

"घे ना पटकन," ताई म्हणाली.

"दहा मिनिटं थांब."

"दहा मिनिटं? अगं, बाई एकला निघतात."

"तापू दे. थंडावर ऐकूनच मी तीन आठवडे फसलेय."

आम्ही दोघी घड्याळाकडे बघत उभ्या राहिलो. बारा पंचेचाळीसला मी पुन्हा आत बसले. पंखा ऐकू येत नव्हता. तिला बसवलं, फक्त खालचे सूर घेतले. पाचशे, तीसवर अंगठा हलला. पंचवीसवर हलला. वीसवर, जरा थांबून, हलला. दुसऱ्या कानालाही वीस.

एकला आठ मिनिटं कमी असताना मी दोन्ही आलेख डॉक्टरबाईंसमोर ठेवले.

बाईंनी चष्मा वर केला. "एका तासात चाळीसचे वीस. आणि तपासणारी सख्खी बहीण. मी काय समजायचं?"

"संगणकाखाली मी नमदा घातला होता. त्याने—"

"शब्दावर सही करत नाही मी."

"मग कानाने करा, मॅडम. बूथमध्ये बसा. नमदा परत घालते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. खाली कारखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या उठल्या.

आधी नमद्याशिवाय सूर दिला. पंधरावर त्यांचा अंगठा हलला. मग मी खोडरबर काढून नमदा सरकवला. ताई दाराशी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत. सात मिनिटांनी पंख्याने सूर धरला, मघाइतका नाही, पण पुरेसा. मी पंधरावर सूर दिला, वीसवर, पंचवीसवर. काचेपलीकडे बाई अंगठा उचलून वाट बघत बसल्या होत्या. तीसला दाबलं.

बाहेर येऊन त्यांनी उभ्या उभ्याच ताईच्या कागदावर सही केली. खाली लिहिलं, चार हजारला घट, गोंगाट अडवणारे इअरमफ वापरणे सक्तीचे. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तीन आठवड्यांत किती जण?"

"एकोणीस."

"नापास?"

"चार. टँकरच्या ड्रायव्हरला काल उतरवलंय कामावरून."

"सगळ्यांना परत बोलाव. कारण मला लेखी दे, तुझ्या सहीने." आणि त्या जिना उतरून गेल्या.

मला वाटलं ताई आता हसेल. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, खुर्ची ओढली आणि नोंदवही स्वतःकडे वळवली.

"ड्रायव्हरचा नंबर कुठला? मी वाचते, तू लाव."

पाच वेळा घंटी वाजली. मग पलीकडून जाड, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. "कोण?"

मी कुठून बोलतेय ते सांगितलं. आणि मग नमद्याचं.