दोन्ही नऊच्याच

ए, आधी मला पूर्ण सांगू द्या, मग काय ते विचारा. ताई जिवंत आहे, हे पहिलं सांगून टाकते, म्हणजे तुमचे जीव टांगणीला नकोत. पण हात... थांबा, सांगते ना.

माझी ताई लॅबमध्ये कवळ्या बनवते, माहितीये ना? मेणाचा एवढुसा दात कोरताना ती श्वाससुद्धा सोडत नाही. पिस्तूल धरलं की तोच स्थिर हात. परवा नेमबाजीच्या संघाची निवड होती. ताई गुणांत सगळ्यात पुढे, आणि तिच्या शेजारच्याच खणात उभा आमचा दादा. मी मागे, काचेपलीकडे.

शेवटच्या फेरीआधी ताईची एक गोळी दबलेली निघाली. ती तिनं बाजूला टाकली. मग कानावरचा, आवाज अडवणारा कप जरासा सरकवून म्हणाली, "दादा, नऊची आहे का रे एखादी?"

"आहे की! पण हरलीस तर माझ्या गोळीवर ढकलायचं नाही हं."

"तुझी गोळी कधी लागते का कुठे? निदान आज तरी लागेल बिचारी."

दोघं खिदळले. त्यानं दिली, हिनं आपल्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सगळ्यात वर भरली. झालं.

आता नीट ऐका. दादाच्या पिस्तुलाची गोळी नऊचीच, म्हणजे नऊ मिलिमीटरची, पण आखूड आणि कमी दारूची. ताईच्याची पण नऊचीच, पण लांब. जाडी तीच, टोक तेच, फरक फक्त नखभर उंचीचा. आणि क्लबात दोन्हींना नुसतं 'नऊची' म्हणतात! विचारणारीनं नीट विचारलं, देणाऱ्यानं नीट दिलं. बघितलं कुणीच नाही.

पहिला बार झाला, तर धाडकन आवाजच नाही. फुस्स! जसं काही टायरमधली हवा गेली. पंचांनी दुर्बीण लावली. "कागदावर नाही. चुकला."

दादा ओरडला, "अगं, निदान भिंत तरी लागली का?"

ताईची मान लाल झाली, मला मागून दिसत होतं. तिनं हातानं पिस्तुलाचा वरचा भाग खेचला, रिकामं नळकांडं खाली पडलं, पुढची गोळी वर आली. ही तिची स्वतःची, पूर्ण ताकदीची.

आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, ताई कागद चुकवत नाही. कध्धीच नाही. मग गोळी गेली कुठे? नळीतच अडकलीये! मी दोन्ही हातांनी काच बडवायला लागले. "ताई थांब! ताई!" पण कानावर कप, आणि नजर समोर. दादानं तेवढं वळून पाहिलं. त्याला वाटलं, मी तिला हुरूप देतेय. त्यानं हसून मला अंगठा वर करून दाखवला.

तिनं चाप ओढला.

तो आवाज मी नाही सांगणार तुम्हाला. नळी फाटली एवढंच सांगते. धूर विरला तेव्हा ताई उभीच होती, स्वतःच्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

काल डॉक्टरांनी पट्टी बदलली. "बोटं मिटा बघू," म्हणाले. तीन मिटली. अंगठा जरासा हलला. चाप ओढायचं बोट अर्धंच उरलंय, आणि ते तसंच ताठ. "कोरीवकाम?" ताईनं विचारलं. डॉक्टर नुसतेच पट्टी गुंडाळत राहिले.

दादा दाराबाहेर. दोन दिवस तिथेच उभा, आतच येईना.

"ये रे आत," ताई म्हणाली. "नऊचीच दिलीस तू. खोटं नाही बोललास."

"मी बघायला हवं होतं गं."

"मी पण."

दादा आत आला. ताईला तहान लागली होती. दादानं ग्लास भरला आणि नेहमीसारखा तिच्या उजव्या हाताकडे धरला.

"इकडे," ताई म्हणाली. "डाव्या हातात दे."