शेजारणीला खारट लागते

सर्व्हेचे तीस फॉर्म, आणि तीसच्या तीस फॉर्मांवर पाचपैकी पाच. शिला मॅडमनी गठ्ठा टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बीबीएच्या अख्ख्या पहिल्या वर्षासमोर म्हणाल्या, "मंजुषा, एवढे मार्क मी माझ्या नवऱ्यालासुद्धा देत नाही. घरी बसून भरलेस ना हे?"

वर्ग खदाखदा हसला. मंजुषाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरोखर लबाडी केली असती तर गोष्ट वेगळी. पण ती दोन दिवस आपल्या गावाच्या, कनेरगाव नाक्याच्या गल्ल्या उन्हात तुडवत फिरली होती, दारोदारी बसली होती आणि नाही म्हणता येईना म्हणून एकोणीस कप चहा प्यायली होती. एवढं करून पदरात पडला तो खोटारडेपणाचा शिक्का.

"सोमवारपर्यंत खरा सर्व्हे आण," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळ्यात वसमतच्या हळद कंपनीत काम शिकायला महिनाभर दोघांनाच पाठवायचंय. लोकांच्या पोटातलं ज्यांना ओठावर आणता येतं, अशाच दोघांना."

ती जागा मंजुषाला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. आजवरच्या तिच्या सगळ्या सुट्ट्या दुसऱ्यांच्या वावरात हळद वेचण्यात गेल्या होत्या. यंदा तीच हळद टेबलाच्या पलीकडून कशी दिसते ते तिला बघायचं होतं.

विषय तिनं सोयीचा निवडला होता, घरचाच. तिची आई पार्वतीबाई दोन वर्षांपासून जवसाची चटणी करून विकायची. दर आठ दिवसांनी पिशवी खांद्याला लावून घरोघर जायची आणि पाकिटं पोचवायची. मंजुषानं फॉर्म छापला: चव कशी, पाकीट कसं, पुन्हा घ्याल का. शिफारस तर तिनं आधीच लिहून ठेवली होती. घरोघर फिरण्यात वेळ वाया जातो, माल किराणा दुकानात ठेवावा. पुस्तकात तसंच दिलं होतं. फक्त एक गोष्ट पुस्तकात नव्हती. आईच्या चटणीबद्दल पोटच्या पोरीनंच विचारायचं, तेही आईच्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या बायांना! दारात आलेल्या लेकराच्या तोंडावर कोण नाव ठेवील? एवढी भीड तर असतेच माणसाला.

शनिवारी कॉलेजातून आल्या आल्या तिनं रुख्मिणीबाईंचं दार गाठलं. मागच्या खेपेला सगळ्यात जास्त कौतुक त्यांनीच केलं होतं.

"काकू, खरं सांगा. चटणी कशी लागते?"

"लई झाक. तुझ्या मायच्या हाताला चवच हाये तशी."

"काहीच खोट न्हाई?"

"मला न्हाई बाई." मग रुख्मिणीबाईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती पल्याडची पुनम हाये न, तिला खारट लागते म्हणं. लई खारट."

मंजुषा तडक पुनमकडं गेली. पुनम दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली, बोलायला मोकळी. "छे, मला तर बराबर लागते," ती म्हणाली. "पण रुख्मिणीकाकूला तकलीफ हाये न बीपीची. पार्वतीकाकूचा मिठाचा हात जड हाये, असं म्हणून राहिल्या व्हत्या."

मंजुषा रस्त्यात उभी राहिली आणि एकटीच हसली. मग तिनं पेन काढलं, फॉर्मवरचं 'तुम्हाला' खोडलं आणि वर लिहिलं, 'तुमच्या शेजारणीला'.

बस्स, मग काय विचारता! काल-परवा ज्यांच्या तोंडून 'झाक' सोडून दुसरा शब्द निघत नव्हता, त्या बाया आता थांबायचं नाव घेईनात. शेजारणीला चटणी खारट लागत होती, शेजारणीला लसूण कमी वाटत होता, शेजारणीच्या घरी पाकीट फाटून डबा तेलकट झाला होता. मंजुषाची पेनं संपायची वेळ आली. गावात शेजारणीवाचून कुणीच राहत नसल्यामुळं कुणाचंही मत सुटलं नाही. संध्याकाळी तिनं ओट्यावर बसून मोजलं. तिसांपैकी तेवीस शेजारणींना चटणी खारट लागत होती.

आधी तिला आनंद झाला. सोमवारी मॅडमच्या टेबलावर हा गठ्ठा कसा आपटायचा, याचाही तिनं बेत केला. मग घरातून जवस भाजल्याचा वास आला आणि आनंद जागच्या जागी विरला. भरवर्गात आईच्या चटणीला नावं ठेवायची आणि आईला त्याचा पत्ताही नाही, हे कुठल्या तोंडानं करायचं? तेविसाचे तीन करता आले असते. कुणाला कळलंही नसतं. पण तसं केलं तर मॅडम बोलल्या ते खरंच ठरलं असतं. तिला रडू येत होतं. रात्र तशीच गेली. रविवारी सकाळी चुलीपुढं बसून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं.

पार्वतीबाईंनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. "मला तर बराबर लागून राहिली."

"तेवीस जणींना न्हाई लागत, आई."

"तेवीस?" पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. मग एकदम मान वर करून म्हणाल्या, "मंग दोन वर्सं घेऊन काहून राहिल्या गं त्या?"

मंजुषा हातातले फॉर्म पुन्हा चाळू लागली. चव विचारली, पाकीट विचारलं, शेजारणसुद्धा विचारली. हे मात्र तिला सुचलं नव्हतं.

पार्वतीबाई कुठल्याही पुस्तकाची वाट बघणाऱ्यातल्या नव्हत्या. पदर खोचून त्या थेट रुख्मिणीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या, आणि मागं फॉर्म सावरत त्यांची लेक.

"काहून वं, खारट लागते तर घेती कशाला?"

रुख्मिणीबाई कात्रीत सापडल्या. आधी त्यांनी पुनमचं नाव घेऊन पाहिलं. मग पार्वतीबाई हलत नाहीत म्हटल्यावर हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले.

"घेऊ न्हाई तर काय करू? चटणीच्या आधी तू कधी यायची का माझ्या दारात? तू तुझ्या वावरात, मी माझ्या. पोरं पुण्याला. आता आठ दिवसाला येती, घडीभर बसती, चार गोष्टी बोलती. चटणी बंद केली तर तू कशाला येशील?"

 पार्वतीबाई उंबऱ्यावरच बसल्या. मंजुषानं फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला हे सगळं जसंच्या तसं लिहून काढलं. त्या दिवशी दोघी मायलेकी आणखी अकरा घरी गेल्या. शब्द निरनिराळे, पण उत्तर फिरून फिरून तेच. खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात, ते बहुधा हेच. घरी आल्यावर तिनं किराणा दुकानाची शिफारस आडवी रेघ मारून खोडली. त्या जागी लिहिलं: मीठ निम्मं करावं, पाकीट जाड घ्यावं, घरोघर जाणं कधीही बंद करू नये.

सोमवारी शिला मॅडमनी फॉर्म सरळ बाजूनं वाचले, मग उलट्या बाजूनं.  

"खोडून 'शेजारणीला' केलंस ते हुशारीचं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण खारट असून घेतात का, हा प्रश्न त्याहून मोठा. हा पुस्तकात नाही. कुठून आणलास?"

मंजुषाला क्षणभर मोह झाला. कंपनीची जागा एका वाक्यावर आली होती. "मला न्हाई सुचला मॅडम," ती म्हणाली. "आईनं विचारला."

"आई किती शिकल्यात?"

"चौथी."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग प्रोजेक्टचं पहिलं पान तिच्यासमोर धरलं. तिथं 'सर्वेक्षण' या शब्दाखाली ठळक अक्षरांत एकच नाव होतं, मंजुषाचं.

"वसमतला तू जाणार आहेस. पण हे पान असं मी पुढं पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. "काम दोघींनी केलं आणि नाव एकीचंच?"

मंजुषानं पेन उघडलं आणि आपल्या नावाच्या वर, होती तेवढ्या जागेत बसेल असं, सावकाश लिहिलं: पार्वतीबाई.